मोजमापावर विश्वास ठेवणारा माणूस : एद्म-फ्रान्स्वा जोमार

इजिप्तची चित्रलिपी कशी उलगडली ही कहाणी ज्यांनी वाचली आहे, त्यांना ती उलगडणारा शाम्पोलियाँ हे नाव ठाऊक असते. ज्यांनी ती जरा तपशिलात वाचली आहे, त्यांना त्याच्या वाटेत आडवा येणारा एक मत्सरी विद्वान म्हणून जोमार हे नावही ओझरते भेटलेले असते. तेवढ्यावरच त्याची ओळख संपते. गेली काही वर्षे जुन्या नकाशांच्या निमित्ताने हा माणूस मला वारंवार भेटत राहिला, आणि दर वेळी असे वाटले की एका भांडणातील पराभूत पक्ष एवढीच त्याची नोंद ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. जोमारने जन्मभर दोन कामे केली. डोळ्यांसमोर असलेली वस्तू त्याने मोजली, आणि इतरांनी मोजून, रेखाटून किंवा लिहून ठेवलेले कागद छापून होईपर्यंत त्यांची पाठ सोडली नाही. त्याचे मोठेपण या चिकाटीत आहे आणि त्याच्या चुकांचे मूळही बरेचसे तिच्यातच आहे.

एद्म-फ्रान्स्वा जोमारचा जन्म १७ नोव्हेंबर १७७७ रोजी व्हर्साय येथे झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, पॅरिसमध्ये एकोल पॉलिटेक्निक ही संस्था उभी राहिली आणि तिच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत तो होता. गणित आणि भूमिती यांच्या जोरावर नवे राष्ट्र घडवता येईल, अशी त्या संस्थेच्या संस्थापकांची श्रद्धा होती. मीटर हे नवे परिमाणही त्याच दशकातले. पृथ्वीचा परीघ मोजून त्याच्या अंशावरून लांबीचे एकक ठरवायचे, ही कल्पना तेव्हा हवेतच होती. जोमारच्या पुढच्या आयुष्यातील एका मोठ्या मोहाचा उगम मला इथे दिसतो, पण त्याविषयी नंतर. शिक्षण संपवून तो लष्करी मोजणी करणारा भूगोल-अभियंता झाला आणि विशीतच बोनापार्टच्या इजिप्त मोहिमेत सामील झाला.

मे १७९८ मध्ये तूलाँ बंदरातून निघालेल्या त्या आरमारावर सैनिकांबरोबर दीडशेहून अधिक विद्वान, अभियंते, चित्रकार आणि कारागीर होते. हे ज्ञान स्वारीच्या पोटातून जन्मले, ही गोष्ट विसरून जोमारविषयी लिहिता येणार नाही. नकाशा काढणारा माणूस त्या देशातील लोकांच्या दृष्टीने परक्या सैन्याचाच माणूस होता. ऑक्टोबर १७९८ मध्ये कैरोत उठाव झाला तेव्हा भूगोल-अभियंत्यांचा वयोवृद्ध प्रमुख तेस्तव्यूइद मारला गेला, जनरल काफारेलीचे घर लुटले गेले आणि तिथे ठेवलेली मोजणीची कितीतरी उपकरणे नष्ट झाली. तेस्तव्यूइदची जागा त्याचा भाचा जाकोतँ याने घेतली आणि त्याच्या हाताखाली इजिप्तच्या नकाशाचे काम पुढे चालू राहिले. जोमार त्या तुकडीत होता.

कैरो शहराचे जोमारने केलेले वर्णन आजही इतिहासकार उघडून बघतात. शहराचे मोहल्ले, दरवाजे, मशिदी, हमामखाने, बाजार, पाणपोया यांची ठिकाणे नकाशावर क्रमांक घालून दाखवायची आणि त्या क्रमांकांसमोर स्थानिक नाव लिहायचे, अशी त्याची पद्धत होती. शहराची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास आहे, असा अंदाजही त्याने बांधला. ज्या शहरात गल्लीच्या तोंडाशी रात्री दरवाजे बंद होत असत आणि परक्याला आत शिरू देत नसत, तिथे एवढी नोंद करणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना ती यादी वाचताना येते. एकोणिसाव्या शतकात कैरोतून नवे रुंद रस्ते काढले गेले, जुने मोहल्ले फुटले. त्याआधीचे शहर कसे होते हे जाणून घ्यायचे तर ही यादी टाळता येत नाही.

दक्षिणेकडील प्रवासाचे फळ तर याहूनही मोठे आहे. असवान, एलेफंटाइन बेट, एडफू, कोम ओम्बो, एर्मंत आणि मध्य इजिप्तमधील अँटिनूपोलिस या स्थळांच्या वर्णनांत जोमारचा हात आहे. एलेफंटाइन हे असवानसमोर नाईलच्या पात्रातील लहानसे बेट. तिथे तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातील एक छोटे, चहूबाजूंनी खांबांच्या ओवऱ्यांनी वेढलेले मंदिर जोमारने पाहिले आणि त्याचे वर्णन लिहिले. त्याचा आराखडा, दर्शनी बाजू, भिंतींवरील शिल्पे हे सारे मोजून रेखाटले गेले. १८२२ साली ते मंदिर दगडांसाठी पाडण्यात आले. आज बेटावर गेलेल्या माणसाला ते दिसत नाही. जे आहे ते त्या छापील पानांवर. अँटिनूपोलिसचीही तीच कथा आहे. सम्राट हेड्रियनने आपल्या बुडून मेलेल्या प्रिय अँटिनूसच्या नावाने वसवलेल्या या रोमन नगराची कमान, नाट्यगृहाचे द्वार आणि दुतर्फा खांब असलेले रस्ते फ्रेंचांनी पाहिले तेव्हा उभे होते. पुढच्या काही दशकांत त्यांचा दगड चुन्याच्या भट्ट्यांत आणि कारखान्याच्या बांधकामात गेला. एर्मंतच्या मंदिराचे दगडही पुढे साखर कारखान्याच्या कामी आले. जोमारची मते आज कुणी मानत नाही, पण त्याने घेतलेल्या मापांना पर्याय उरलेला नाही, आणि मला वाटते की कोणत्याही मोजणीदाराला यापेक्षा मोठी पावती मिळू शकत नाही.

१८०१ मध्ये फ्रेंच सैन्य शरण आले. अलेक्झांड्रियाच्या तहातील एका कलमानुसार विद्वानांनी जमवलेला सगळा संग्रह इंग्रजांच्या हवाली करायचा होता. विद्वानांनी नकार दिला. प्राणिशास्त्रज्ञ जोफ्रुआ सँ-इलेर याने बजावले की कागद द्यायची वेळ आली तर आम्ही ते स्वतःच्या हातांनी जाळू. इंग्रज सेनापती हचिन्सनने माघार घेतली. पुढे चित्रलिपी उलगडायला कामी आलेला रोझेटाचा शिलालेख आणि मोठ्या वस्तू इंग्रजांकडे गेल्या, वह्या आणि चित्रे फ्रेंचांकडे राहिली. इजिप्तचे वर्णन करणारा जो महाग्रंथ पुढे निघाला, त्याचा कच्चा माल असा थोडक्यात वाचला.

तो महाग्रंथ काढण्याचे काम आधी कोंते या हरहुन्नरी संशोधकाकडे होते. आकाशाचे किंवा सपाट भिंतीचे विस्तीर्ण भाग भरण्यासाठी हजारो समांतर रेषा तांब्याच्या पत्र्यावर हाताने कोरायला कारागिराला महिने लागत. कोंतेने त्यासाठी एक यंत्र बनवले. रेषांमधील अंतर आणि त्यांची जाडी ठरवून दिली की ते यंत्र त्या काही दिवसांत आखून देई. त्या चित्रांतील आकाश इतके एकसारखे निवळत क्षितिजाकडे का उतरते, त्याचे उत्तर या यंत्रात आहे. कोंते १८०५ मध्ये वारला, त्याच्या जागी आलेला लांक्रे १८०७ मध्ये गेला, आणि मग हा भार जोमारवर आला. तेव्हा तो तिशीत पाऊल टाकत होता. ग्रंथ संपेपर्यंत त्याने पन्नाशी गाठली.

त्या दोन दशकांत फ्रान्समध्ये काय काय झाले! पहिले खंड नेपोलियनच्या साम्राज्यात निघाले, मधले बूर्बों राजांच्या पुनरागमनानंतर, आणि शेवटचे दहाव्या चार्ल्सच्या काळात. ज्या सम्राटाच्या गौरवासाठी हे काम हाती घेतले गेले, त्याचे नाव उच्चारणे गैरसोयीचे झाले, तो सेंट हेलेना बेटावर मेला, तरी ग्रंथ चालूच राहिला. मजकुराचे नऊ खंड, चित्रांचे महाकाय खंड, आठशेहून अधिक कोरीव पाने. काही पाने उलगडली की मीटरभर लांबीची भरत. असला ग्रंथ ठेवायला साधे कपाट पुरत नसे, म्हणून मोरेल नावाच्या कारागिराने त्यासाठी खास कपाट घडवले. जाकोतँच्या तुकडीचा सत्तेचाळीस पानी नकाशा तर लष्करी गुपित म्हणून नेपोलियनने मोहोरबंद करून ठेवला होता. तो लोकांच्या हाती पडायला साम्राज्य कोसळावे लागले. कितीतरी लेखक विखुरलेले, काही मेलेले, काही पैसे थकले म्हणून रागावलेले, काही लेख देतो देतो म्हणून वर्षानुवर्षे न देणारे. अशा मंडळींकडून मजकूर काढून घेणे, चित्रे छपाईच्या कच्च्या प्रतींशी ताडून बघणे, कागद, शाई आणि कोरणावळीचा हिशेब सांभाळणे, हे सारे त्या एका माणसाच्या टेबलावर येऊन पडत होते. संपादनाच्या या कामाला इतिहासात सहसा जागा मिळत नाही. शोध लावणाऱ्याचे नाव उरते आणि शोध छापून आणणारा तळटीपेत जातो. त्यामुळेच मला जोमारच्या आयुष्याचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आता त्या मोहाकडे वळतो. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या पायथ्याचे कोपरे फ्रेंचांनी वाळू उपसून मोकळे केले आणि बाजूची लांबी सुमारे २३०.९ मीटर भरली. आजच्या काटेकोर मोजणीत ती २३०.३ मीटरच्या आसपास येते. म्हणजे वाळूच्या ढिगाऱ्यांत उभे राहून त्यांनी केलेली चूक हजारात तीन भागांच्याही आत होती. जोमारने या मापावरून आणि उतारावरून पिरॅमिडच्या तिरप्या बाजूची मध्यरेषेवरील उंची काढली, ती आली सुमारे १८४.७ मीटर. प्राचीन लेखकांनी पिरॅमिडच्या उंचीचा उल्लेख स्टेडियम या मापात केलेला त्याने वाचला होता. इजिप्तच्या मध्यावरील अक्षांशाच्या एका अंशाची लांबी घेऊन तिचे सहाशे भाग केले, तर एक भाग १८४.७ मीटरच्या जवळ येतो, हे त्याच्या लक्षात आले. त्यावरून त्याने असा सिद्धांत मांडला की इजिप्तच्या प्राचीन लोकांनी पृथ्वी मोजली होती, आणि ते माप कायमचे जपून ठेवण्यासाठीच पिरॅमिड बांधला. पायथ्याच्या बाजूचे पाचशे भाग करून त्याने प्राचीन इजिप्तचे ‘हात’ हे लांबीचे मापही काढले: ०.४६१८ मीटर.

ज्याच्या तरुणपणी स्वतःच्या देशाने पृथ्वी मोजून मीटर ठरवला होता, त्याला हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी तेच केले होते असे वाटावे, यात नवल नाही. पण त्याच मोहिमेतील अभियंता जिरार याने एलेफंटाइनच्या नीलमापकावर, म्हणजे नाईलच्या पुराची पातळी मोजण्यासाठी पायऱ्यांच्या भिंतीवर कोरलेल्या खुणांवर, प्रत्यक्ष हात मोजला होता आणि तो ०.५२७ मीटर भरला होता. पुढे मेम्फिसच्या अवशेषांत चित्रलिपीने सजवलेली एक मोजपट्टी सापडली. तिचे वर्णन १८२२ मध्ये खुद्द जोमारनेच प्रसिद्ध केले, आणि तीही बावन्न सेंटिमीटरच्या आसपासच होती. हा शाही हात घेतला की पिरॅमिडची बाजू ४४० हात आणि उंची २८० हात अशी सरळ पूर्ण संख्यांत येते, पृथ्वीच्या परिघाशी काही देणेघेणे उरत नाही. जोमारची मापे बरोबर होती, त्यांवर चढवलेला अर्थ चुकला. पिरॅमिडच्या आकड्यांत गूढ संदेश शोधणारी जी परंपरा पुढे युरोपभर फोफावली, तिला त्याने नकळत मोठे बळ दिले, आणि हे त्याचे देणे मला विसरता येत नाही.

शाम्पोलियाँशी त्याचा संघर्षही याच स्वभावातून आला असावा. जोमार स्वतः चित्रलिपीवर काम करत होता. एक, दहा, शंभर, हजार यांची चिन्हे ओळखण्याचे काम त्याने केले आणि ते १८१९ पर्यंत प्रसिद्धही झाले. अंकांत रमणारा माणूस लिपीत शिरतानाही अंकांच्या दारानेच शिरला. त्याने त्या देशाची धूळ खाल्ली होती, हजारो चिन्हे डोळ्यांखालून घातली होती. आणि ग्रेनोबलहून आलेल्या, इजिप्तमध्ये पाऊलही न टाकलेल्या, त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान असलेल्या पंडिताने सप्टेंबर १८२२ मध्ये लिपीची किल्ली सापडल्याचे जाहीर केले. जोमार १८१८ पासून शिलालेख आणि साहित्य अकादमीचा सदस्य होता. शाम्पोलियाँला तिथे प्रवेश मिळायला १८३० उजाडले. लूव्र संग्रहालयातील इजिप्त विभागाचे पद आपल्याला मिळेल अशी जोमारची अपेक्षा होती. ते १८२६ मध्ये शाम्पोलियाँकडे गेले. जोमारने त्याला साथ दिली नाही, उलट विरोध केला. इथे मी त्याची बाजू घेणार नाही. शाम्पोलियाँच्या वाचनाची कसोटी घेण्याइतकी सामग्री त्याच्याइतकी कुणाच्याच हाताशी नव्हती, आणि ती त्याने त्या कामी लावली नाही.

मात्र एक प्रसंग दोघांच्याही मर्यादा दाखवतो. डेंडेरा मंदिरातील राशिचक्र अतिप्राचीन आहे, असे मोहिमेतील बहुतेकांचे मत होते. शाम्पोलियाँने त्या महाग्रंथातील चित्रात राशिचक्राजवळील चौकटीत ‘ऑटोक्रेटर’ ही रोमन सम्राटांची पदवी वाचली आणि ते रोमन काळातील ठरवले. १८२८ मध्ये तो स्वतः डेंडेरात पोहोचला तेव्हा त्या चौकटी कोऱ्या असल्याचे त्याला आढळले. चित्र काढणाऱ्यांनी दुसरीकडची अक्षरे तिथे भरली होती. मंदिर उत्तरकालीनच होते, म्हणून त्याचा निष्कर्ष तरला. एवढी वर्षे जपलेल्या ग्रंथातही चित्रकाराचा हात चुकू शकतो, आणि वाचणाऱ्याला तो जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

१८२६ मध्ये इजिप्तचा शासक महंमद अली याने चाळीसहून अधिक तरुण शिक्षणासाठी पॅरिसला पाठवले. त्यांच्या अभ्यासाची देखरेख जोमारकडे आली. त्यांच्याबरोबर इमाम म्हणून कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात शिकलेला रिफाअ अल-तहतावी हा तरुण आला होता. प्रार्थना चालवायला आलेला हा माणूस फ्रेंच शिकला, भाषांतरे करू लागला, आणि जोमारने त्याला त्याच वाटेने पुढे जाऊ दिले. परत गेल्यावर तहतावीने पॅरिसचे जे वर्णन अरबीत लिहिले ते १८३४ मध्ये छापून आले. पुढे कैरोत भाषांचे विद्यालय त्याच्या हाताखाली उभे राहिले आणि आधुनिक अरबी गद्याचा तो एक आद्य पुरुष ठरला. जोमारच्या मनात या विद्यार्थ्यांविषयी पालकत्वाची आणि बरीचशी वरचढपणाची भावना होती. इजिप्तला फ्रान्सने पुन्हा सुसंस्कृत करायचे आहे, अशी त्याची भाषा असे. ती आज वाचवत नाही. तरी कैरोचे दरवाजे आणि पाणपोया टिपणारा माणूस पंचवीस वर्षांनी त्याच शहरातून आलेल्या मुलांचे अभ्यासक्रम आखत बसला, हे नाते केवळ स्वारीपुरते उरले नव्हते हे मान्य करावे लागते.

दरम्यान १५ डिसेंबर १८२१ रोजी पॅरिसमध्ये भूगोल मंडळ स्थापन झाले. जगातील या प्रकारची ती पहिली संस्था. बर्लिन आणि लंडन येथील मंडळे त्यानंतरची. जोमार संस्थापकांपैकी एक होता आणि पुढची चाळीस वर्षे तिच्या कामात राहिला. या मंडळाने सहाराच्या दक्षिण काठावरील, सोन्याची नगरी म्हणून युरोपात ख्यात असलेल्या टिंबक्टूला जाऊन, तिथली माहिती घेऊन जिवंत परत येणाऱ्यासाठी दहा हजार फ्रँकचे बक्षीस लावले. इंग्रज मेजर लेंग १८२६ मध्ये तिथे पोहोचला, पण परतीच्या वाटेवर मारला गेला. मग रने काये नावाचा एक गरीब घरचा, कुठलाही पाठिंबा नसलेला तरुण पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आत शिरला. लहानपणी फ्रेंच सैन्याने पळवून नेलेला आणि आता मायदेशी इजिप्तला परतणारा अरब, असे सोंग त्याने घेतले होते. वाटेत स्कर्व्हीने तो महिनोन्महिने खिळून पडला. २० एप्रिल १८२८ रोजी तो टिंबक्टूत पोहोचला. सोन्याच्या नगरीऐवजी त्याला मातीच्या घरांचे एक साधे गाव दिसले. दोन आठवड्यांनी तो तांड्याबरोबर सहारा ओलांडून मोरोक्कोत आला.

इंग्रजांनी त्याच्यावर अविश्वास दाखवला. त्याच्याजवळ वेधाची उपकरणे नव्हती. होती ती चोरून पाहिलेल्या होकायंत्रावरची दिशा, चालण्याच्या तासांचा अंदाज, आणि कुराणाच्या पानांआड लपवून लिहिलेली टिपणे. जोमारने ती टिपणे घेतली, चालण्याच्या तासांचे अंतर केले, दिशा जुळवल्या, आधीच ठाऊक असलेल्या ठिकाणांशी मार्ग बांधून घेतला आणि नकाशा तयार केला. १८३० मध्ये कायेची रोजनिशी जोमारच्या भौगोलिक टिपणांसह तीन खंडांत प्रसिद्ध झाली. १८५३ मध्ये जर्मन प्रवासी हाइनरिख बार्थ टिंबक्टूला पोहोचला आणि कायेचे वर्णन खरे ठरले. काये त्याआधीच, १८३८ मध्ये, चाळिशीही न गाठता गेला होता. त्याचे चरित्र लिहिण्याचे कामही जोमारनेच केले. शाम्पोलियाँच्या बाबतीत ज्याची सामग्री बंद राहिली, तोच माणूस एका अशिक्षित समजल्या गेलेल्या प्रवाशामागे आपली सगळी प्रतिष्ठा लावतो. या दोन गोष्टी एकाच आयुष्यात घडल्या, आणि मी त्यांपैकी एकही खोडायला तयार नाही.

१८२८ मध्ये राजग्रंथालयात नकाशांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि जोमार त्याचा प्रमुख झाला. तोवर जुने नकाशे हस्तलिखितांत, चित्रसंग्रहांत, पुस्तकांच्या कपाटांत इकडेतिकडे पडलेले असत. नकाशा हा स्वतंत्र दस्तऐवज आहे, त्याची वेगळी सूची हवी, वेगळी जागा हवी, हा आग्रह त्याने लावून धरला. भूमध्य सागराचा, चामड्यावर काढलेला आणि आज सर्वांत जुन्या सागरी नकाशांत गणला जाणारा पिसाचा नकाशा त्याच्याच कारकिर्दीत, १८३९ मध्ये, ग्रंथालयात आला. मग त्याने मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन नकाशांच्या हुबेहूब प्रतिकृती मोठ्या पानांवर छापायला घेतल्या. त्याच सुमारास पोर्तुगीज विद्वान सांतारेम हाही पॅरिसमध्ये तसाच संग्रह काढत होता, आणि कल्पना आधी कुणाची यावरून दोघांत जाहीर वाद झाला. त्या वादात मला रस नाही. दोघांच्याही प्रतिकृतींमुळे दूरच्या अभ्यासकांना मूळ नकाशापर्यंत न जाता तो समोर ठेवता आला, आणि नकाशांचा इतिहास हा विषय उभा राहिला.

देशोदेशींच्या लोकांची हत्यारे, भांडी, वाद्ये, वस्त्रे यांचे स्वतंत्र संग्रहालय पॅरिसमध्ये असावे, यासाठीही तो अनेक वर्षे लिहीत राहिला. जपानमधील वस्तू जमवणाऱ्या सीबोल्टला उद्देशून १८४५ मध्ये त्याने लिहिलेले जाहीर पत्र याच विषयावर आहे: वस्तू देशांनुसार मांडाव्यात की उपयोगानुसार, याची त्यात बारकाईने चर्चा आहे. ते संग्रहालय त्याच्या हयातीत झाले नाही. नकाशांच्या प्रतिकृती निघाल्या, पण त्यांच्यासोबत द्यायचा विवेचनाचा मजकूर अपुराच होता तेव्हा, २३ सप्टेंबर १८६२ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी जोमार पॅरिसमध्ये वारला. मजकुराची प्रस्तावना १८७९ मध्ये दुसऱ्यांनी छापली. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसमध्ये त्रोकादेरोचे मानववंश संग्रहालय स्थापन झाले होते.